उखळातला हात

घानातल्या कुमासीजवळच्या आमच्या शाळेत सेरवामावशी अकरा वर्षं स्वयंपाक करतेय. दोनशे पोरांना ती वेळेवर वाढते, आणि तिच्या तोंडाचा पट्टाही तितकाच वेळेवर सुरू होतो. एकच काम ती करत नाही. फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा मऊ गोळा, कुटताना ती मुसळ धरते, पण तो उलटायला उखळात हात घालत नाही. पाच वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात तिची बहीण कुटता कुटता गप्पांत रंगली आणि मावशीचं मधलं बोट ठेचलं. ते अजून वाकत नाही.

आणि आज डेन्मार्कहून पाहुणी पोरं आली होती, फुफू शिकायला! सकाळपासून सगळ्यांनी शाळा नुसती डोक्यावर घेतली होती. पाहुण्यांनी कसाव्याचे कंद सोलले, तेही निम्मे सालीबरोबर टाकले. आमची पोरं पोट धरधरून हसली. शेंगदाण्याचं सूप रटरटत होतं. उकडलेला कसावा आणि कच्ची केळी वाफाळत उखळात पडली.

मॅग्नुस नावाचा ताडमाड पोरगा मुसळ घेऊन उभा राहिला. आता दर दोन घावांच्या मध्ये कुणीतरी ओल्या हाताने गोळा उलटायला हवा. ते रोजचं काम मावशीच्या मदतनीस आजुआचं. पण ती सरळ उठून उभी राहिली.

"माझी बोटं मला घरी न्यायचीत बाई!"

"मग मी बसते!" सहावीतली डुफी स्टुलावर बसलीसुद्धा.

मॅग्नुसचा पहिलाच घाव उखळाच्या काठावर आदळला. पोरं ओरडली, "अजून! अजून!" मावशी पुढे सरसावली. थांबवावं तर सगळ्यांचा विरस, आणि कसावा गार झाला की गुठळ्याच गुठळ्या. डुफीचा हात तर आत निघालाच होता.

"ऊठ गं शहाणे!" मावशीने तिला दंडाला धरून उठवलं आणि स्वतः बसली. "सांग त्याला. मी 'हं' म्हटलं की घाव. आधी नाही, नंतर नाही."

डुफीने इंग्रजीत सांगितलं.

"हं!" मुसळ हळूच टेकलं.

"अरे, बाळाला थोपटतोयस का? घाबरलास तर चुकशील. जोरात!"

"हं!" धप्प! हात आत, गोळा उलटा, हात बाहेर. "हं!" धप्प! सगळी शाळाच 'हं' म्हणायला लागली तशी मावशी कडाडली, "गप्प बसा! त्याला माझाच आवाज ऐकू दे."

पोरं तोंडं दाबून जागच्या जागी नाचायला लागली. मॅग्नुस घामाने निथळत होता, पण त्याची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. त्या दिवशी बहिणीने एवढं लक्ष दिलं असतं तर, असं मावशीला वाटून गेलं. मग तेही वाटेनासं झालं. हात आपोआप चालत राहिला. गोळा लोण्यासारखा मऊ झाला, आणि मावशीला इतका आनंद झाला की ती खदखदून हसली.

मॅग्नुसने मुसळ खाली ठेवलं.

"ऊठ आता," आजुआ म्हणाली. "शिकलीत पोरं. मी बसते."

मावशीने हात पुन्हा पाण्यात बुडवला.

"तू सूप वाढ," ती म्हणाली. "डुफी, त्या पिवळ्या केसांच्या पोरीला बोलाव. आता तिचा नंबर."