मंडळाच्या स्वयंपाकघरातल्या फेई मावशी

शनिवारची सकाळ. गॅसवर तांदळाची पेज उतू जायच्या बेतात, लिली एका पायात मोजा घालून दुसरा शोधतेय आणि हे दारासमोरचा बर्फ उपसून नुकतेच आत आलेत. एवढ्यात दारावर थाप पडली. घंटा असताना दार ठोठावणारं आमच्या ओळखीत एकच माणूस.

फेई मावशी हातात खारवलेल्या मोहरीच्या पाल्याची बरणी घेऊन उभ्या होत्या.

"एवढ्या बर्फातून चालत आलात? फोन केला असतात तर हे आले असते न्यायला."

"पाय काय शोभेला आहेत माझे? ही घे. निघते मी."

"चहा घेऊन जा."

"नको गं, आत्ताच झाला."

"घोटभर."

"नको, तुमची सकाळची गडबड."

"पाणी ठेवलंसुद्धा मी."

"मग काय, घ्यायलाच हवा," म्हणत त्या बूट काढू लागल्या.

लिली माझ्या कानाशी आली. "आई, आजी दोनदा नाही म्हणाल्या ना? कशाला मागे लागतेस?"

"दोनदा नाही म्हणजे हो," हे हसले. "तिसऱ्यांदा विचारलं नसतं, तर उभ्या गावात तुझ्या आईची शोभा झाली असती."

मावशींना मी बावीस वर्षं ओळखते. चीनमधल्या ऊशी शहरातल्या रेशीम गिरणीच्या खानावळीत त्या सहाशे कामगारांचं रांधायच्या. नवरा गेल्यावर मुलानं जुळ्या नातींना सांभाळायला इथे अमेरिकेत, व्हरमाँटला आणलं. तेव्हा आमच्या चिनी संस्कृती मंडळात मोजून सात घरं. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या जेवणाला आम्ही शिकल्यासवरलेल्या बायकांनी केकचं पीठ आणून सारण भरलेली डंपलिंग केली. सगळी पातेल्यात फुटली, नुसती खळ झाली. मागे एक अनोळखी बाई उभी होती. तिनं बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "विद्यापीठात हे शिकवत नाहीत वाटतं? सरका."

आम्ही सरकलो, ते सरकलोच. आता उत्सवाला तीनशे माणसं येतात. त्यातली निम्मी इथली अमेरिकन. चर्चच्या हॉलमध्ये ढोलाच्या तालावर कापडी सिंह नाचतो, मुली पंख्यांचा नाच करतात, आणि भिंतीपलीकडे मावशी वाफेत उभ्या असतात.

लिली झाली तेव्हा माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. मावशी पिशवी घेऊन आल्या आणि महिनाभर राहिल्या. थंड पाण्याला मला बोट लावू दिलं नाही. शेंगदाणे घालून डुकराच्या पायांचं सूप रोज पाजलं, आणि मी रडले की म्हणायच्या, "रड, पण वाटी संपवून." त्या निघताना हातात पैसे ठेवायला गेले, तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आईनं केलं असतं ते सगळं त्यांनी केलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

चहा निवत आला तरी मावशी कप फिरवत बसल्या होत्या.

"मुलानं घर विकायला काढलंय. एप्रिलमध्ये ॲरिझोनाला," त्या म्हणाल्या. "तिथे म्हणे बर्फच नाही."

मी विचारलं, "म्हणजे हा उत्सव..."

"शेवटचा." मग कप फिरवायचा थांबवून, "कामांची यादी छापली का गं केविननं?"

"आज संध्याकाळी छापणार."

"बरं." पुन्हा कप फिरू लागला.

आणि मला गेल्या रविवारची बैठक आठवली. केविन आमचा नवा चिटणीस, इथेच जन्मलेला, गुणी मुलगा. त्यानं विचारलं होतं, "आजी, यंदा बाहेर बसून कार्यक्रम बघणार का?" मावशी म्हणाल्या, "छे रे, मी आत बरी." त्यानं मान डोलावली आणि त्यांच्या नावापुढे स्वयंपाकघर लिहून टाकलं. मी शेजारीच होते. पहिला नकार नुसता रीतीचा असतो, हे केविनला कुणी शिकवलं नसेल, पण मी तर त्यातच वाढले. तरी गप्प बसले. मावशी बाहेर आल्या तर तीनशे माणसांचं कोण बघणार, हा हिशेब माझ्या डोक्यात आधी आला. हे काही एकाच वर्षाचं नव्हतं. पूर्वी आम्ही तीन-तीनदा आग्रह करायचो. मग दोनदा, मग एकदा. आमचीही सवय इथली झाली, आणि ती आम्हाला सोयीची होती.

"मावशी, केविननं परत विचारायला हवं होतं."

"त्याचं काय चुकलं? मी नको म्हणाले, पोरानं विश्वास ठेवला."

"मी विचारायला हवं होतं."

त्यांनी कप आणखी एकदा फिरवला. खोटं समाधान करायची त्यांना सवयच नाही.

"मग आता विचारते. यंदा तुम्ही..."

मावशींनी हात वर करून मला थांबवलं. आता 'नको, नको' सुरू होणार म्हणून मी आग्रहाची तयारीही केली. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सारण मी आदल्या दिवशी करून देईन. पीठ कसं हवं ते तुला दाखवीन. पण ढोल वाजायला लागला की मला पहिल्या रांगेत बसव, पेईयुन. बावीस वर्षं मी आतून नुसता ऐकलाय. मला सिंहाचा नाच बघायचाय."