चित्रात न काढलेला बाक

माझ्या शेजारच्या ओताऱ्याचा कोणावरही विश्वास नव्हता. पितळी दारमुठी ओतणे हा त्याचा धंदा. साच्याचे दोन भाग तो दोन निरनिराळ्या कपाटांत ठेवी आणि दोन्ही किल्ल्या गळ्यात बाळगी. मुठींवर कानस चालवणाऱ्या सख्ख्या मेहुण्याचीही संध्याकाळी जाताना पिशवी तपासली जाई. बायको म्हणे, "अहो, स्वप्नंसुद्धा कुलूप लावूनच बघता की काय?"

उतारवयात त्याला एक मूठ साधली. तिच्या मध्यावर असा काही बाक होता की, आखडलेल्या बोटांनाही दार सहज ओढता येई. शिवाय दिसायला ती पानाच्या देठासारखी नाजूक. अशा रूपाची नोंदणी केली की ठरावीक वर्षे ते दुसऱ्या कोणाला उचलता येत नाही, हे मी त्यास समजावले. मात्र अर्ज विक्रीपूर्वी करावा लागतो आणि सोबत वस्तूचे चित्र जोडावे लागते. अर्ज मी लिहिला. चित्र त्याने स्वतः काढले आणि पाकीट चिकटवूनच माझ्या हाती दिले.

"फोडू नका बरं, भाऊसाहेब."

मी फोडले नाही. आज वाटते, फोडायला हवे होते.

यथावकाश प्रमाणपत्र आले, मुठी विकल्या जाऊ लागल्या. वर्षाच्या आतच पेठेतल्या मोठ्या दुकानात हुबेहूब तशाच मुठी टांगलेल्या दिसल्या. ओताऱ्याने प्रथम मेहुण्याची गचांडी धरली.

"दाजी, अख्खं गाव ती मूठ धरून दार उघडतंय! चोरायला मीच कशाला हवा?"

मग आम्ही नोंदणी कार्यालय गाठले. अधिकारी बाईंनी फाइल काढली, मूठ चित्राशेजारी ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"चित्रात तर सरळ दांडी आहे. बाक कुठंय?"

ओतारी मुठीच्या बाकावरून अंगठा फिरवू लागला. मग हळूच म्हणाला, "खरी चीज तोच होता. कागदावर दिला असता, तर तुमच्याच माणसांनी उचलला असता."

"काका, दाखवलंत तेवढंच आम्ही राखतो. तुम्ही सरळ दांडी राखून घेतलीत."

"आता नवा अर्ज?" मी विचारले.

"विकून झाल्यावर? नाही होत."

त्याच्या आयुष्यातला तो एकमेव बाक असा सर्वांचा झाला.

चार महिन्यांनी त्याने खिडकीची कडी घडवली. या खेपेस अर्जही स्वतःच लिहिला. मला सोबत नेले, पण दारापाशीच उभे केले. चित्र चारही बाजूंनी पूर्ण आहे, असे बाई म्हणाल्या. बाईंनी शिक्का उचलला, तरी त्याचा पंजा कागदावरून हलेना.

"काका, सोडा की आता."

"आधी तुमचं नाव सांगा," तो म्हणाला. ते त्याने तळहातावर लिहून घेतले, दोनदा वाचले, आणि मग एकेक बोट उचलले.