सगळंच हायलाइट

लातुरात पुस्तक कोरं राहत नाही. क्लासचे सर 'इम्पॉर्टंट' म्हणाले की पोरं मार्कर ओढतात, आणि सरांना सगळंच इम्पॉर्टंट वाटतं. भोकरहून माझ्याकडे शिकायला आलेल्या भाचीची पुस्तकं तर हळदीला बसवल्यासारखी पिवळीधमक. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, हे माझं दुर्दैव.

तिला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचा कोर्स करायचा होता. शिष्यवृत्ती मिळाली तरच. नाहीतर घरी परत आणि उन्हाळ्यात लग्न. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत 'हाच कोर्स का' यावर इंग्रजीत निबंध द्यायचा होता. तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्या वाक्यात ती काहीतरी हायलाइट करू इच्छित होती, दुसऱ्यात एम्फसाइज, तिसऱ्यात अंडरलाइन. शिक्षणाचं महत्त्वसुद्धा दोनदा स्ट्रेस केलेलं.

"अगं, सगळीकडं बोट दाखवतेस, पण दाखवायचंय काय?"

"सरांनी सांगितलंय मावशी. असे शब्द टाकले की लई मार्क पडतात."

"कपाळ माझं! इथं मार्क कोण देतंय? हाच कोर्स का, ते सरळ सांग."

ती मार्करचं टोपण काढत-घालत बसली. मी पुन्हा विचारलं, चांगलंच चिडून.

"मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "लहानपणापासून. आई म्हणली, कुठं बोलायचं न्हाई."

मी सख्खी मावशी, आणि मला पत्ता नाही! हाक मारली तरी ओ देत नाही, तेव्हा मला वाटायचं पोरगी तंद्रीत असते. बहिणीचा असा संताप आला की विचारू नका. सगळ्या निबंधात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि तीच झाकून ठेवलेली.

"हेच लिही," मी म्हटलं.

तिनं लिहिलं. मग विचारते, "याच्या आधी हायलाइट टाकू?"

"नको गं बाई! नुसतं राहू दे."

निबंध पाठवला आणि तिनंच घरी कळवलं. लगेच फोन आला. बहीण एवढी ओरडत होती की मला पलीकडच्या खोलीत कळत होतं. "अक्कल हाय का तुला? गावात कळलं तर कोण करून घेईल तुला?"

मी दारात येऊन पाहिलं, भाचीनं फोन उजव्या कानाला धरला होता. तिनं मधे तोंड घातलं नाही, सगळं संपू दिलं.

"ऐकू आलं आई," ती म्हणाली. "समदं ऐकू आलं. तरी पाठवलंय."