‘अवशेष’ या शब्दावरून

त्या रविवारी अकराच्या सुमारास मार्थाआत्यांचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या दवाखान्यात ड्युटीवर होते. “शीला, मामा गेलं गं… देवळातच,” एवढंच त्या बोलल्या आणि रडायला लागल्या. शांतवनमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, उपासनेच्या तयारीसाठी आठलाच देवळात गेले होते. शेजारच्या मार्थाआत्या गुडघ्यांमुळे सावकाश पोचल्या, तोवर ते पहिल्या बाकावर बसल्या जागी संपले होते. याला आता सव्वा महिना झाला. अजून मला राग येतो, आणि तो माझाच येतो.

मामा फौजेतून हवालदार होऊन आष्ट्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा गावात आमची ख्रिस्ती मंडळी चाळीसेक माणसांची होती. पुढं कुणी पुण्याला गेलं, कुणी आखातात. पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, येणं महिन्यातून एकदा झालं, मग बंदच पडलं. मंडळीचे ‘वडील’, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, म्हणून मामा स्वतः उपासना चालवायला लागले. वाचन बहुतेक ठरलेलं, जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचं. देऊळ पडलंय, लोकांना परमुलखात धरून नेलंय, आणि तरी संदेष्टा सांगतोय की अवशेष परत येईल, पडलेलं पुन्हा उभं राहील. समोर तीन माणसं असली तरी मामा हे परेडच्या आवाजात वाचायचे. आणि मार्थाआत्या दर वेळी डोळ्यांना पदर लावायच्या. मामांना वाटायचं, वचन काळजाला भिडतंय.

मी सांगलीला येण्याआधी एकदा आत्यांना विचारलं, तर कळलं ते भलतंच. त्यांचा मुलगा आखातात गेलेला, बरीच वर्षं पत्ता नाही. अवशेष सापडले म्हणतात ते बातम्यांत, कोसळलेल्या विमानाचे नाहीतर माणसांचे. आत्यांची समजूत अशी की संदेष्टा म्हणतोय, पोरांची हाडं तेवढी परत येतील. आणि ही बाई इतकी वर्षं त्यालाही आमेन म्हणत होती… मी मामांना सांगितलं तेव्हा ते तसेच उठले. मग आत्यांच्या दारात जाऊन म्हणाले, “आत्या, उरल्यालं म्हंजे मेल्यालं न्हवं. उरल्यालं म्हंजे जितं.” पुढच्या रविवारपासून ते ‘अवशेष’ऐवजी ‘उरलेले’ असं वाचायला लागले.

पण उरलेलेही कमीच होत गेले. शेवटी मामा आणि आत्या, दोघंच. वरून निरोप आला की माणसं नसतील तर देवळाला कुलूप लावू. गुरुवारी मामांचा मला फोन आला, या रविवारी ये म्हणाले, तू आलीस की आपण तिघं होतो. मी थकलेली होते, वैतागून म्हणाले की आवं मामा, कुणी परत येत नाही, तुम्ही भिंतींना वाचून दाखवताय. ते म्हणाले, “मग कुणाला वाचू, सांग?” मी वरमले. येते म्हणाले. शनिवारी एका मैत्रिणीनं ड्युटी बदलून मागितली आणि मी हो म्हटलं. जायचं टाळायला मला निमित्तच हवं होतं.

मातीला मात्र सगळे आले. पुण्याचे, मुंबईचे, नातवंडांसकट. सतरंज्या पुरल्या नाहीत, गाण्यानं देऊळ भरून गेलं. मामा सांगत होते तसेच लोक परतले, फक्त ते मामांना पुरायला परतले आणि दुसऱ्या दिवशी पांगले. मार्थाआत्यांचा मुलगा आला नाही. पंधरवड्यात कुलपाचा निर्णय झाला. देवळातलं सामान आवरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यांत जवळ राहत होते.

कपाटात हजेरीवही सापडली. फौजी माणसाची, पट्टीनं आखलेली. प्रत्येक रविवारी सगळ्यांची नावं, गाव सोडून गेलेल्यांचीही. हजर असणाऱ्यापुढे ‘हजर’. बाकीच्यांपुढे ‘गैरहजर’ कुठंच नाही, ‘येणार’ असं लिहिलंय. माझ्या नावापुढे, मी गाव सोडल्यापासूनची नऊ वर्षं, ‘येणार’. शेवटच्या रविवारचं पान त्यांनी बसण्याआधीच भरलं होतं. तिथं माझ्यापुढे, त्या वहीत पहिल्यांदाच, ‘हजर’ लिहिलंय.

वही जमा करायची आहे. मला ती देववत नाही आणि ते पान खोडवतही नाही.