गांडुळांचा लेख आणि झाकणबाई

ऑफिसात त्यांना सगळे झाकणबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांची काही तक्रार नव्हती. मातीवरच्या एका त्रैमासिकाच्या कार्यालयात तेवीस वर्षं काढल्यावर एखादं नाव चिकटायचंच. याहून वाईट नावं चिकटलेली माणसं त्याच मजल्यावर दोन होती.

कार्यालय कसलं, विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत जिन्याला लागून दोन खोल्या. एकीत संपादक बसत. साठी ओलांडलेले, मातीतले मोठे जाणकार, आणि कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधणारे. दुसरीत बाई, त्यांचा कॉम्प्युटर, जुन्या अंकांनी वाकलेली दोन कपाटं आणि एक लांबरुंद नोंदवही. कॉम्प्युटर आला तेव्हा वही बंद करा म्हणून बाईंना पुष्कळांनी सांगून पाहिलं. सांगणारे बदली होऊन गेले, वही राहिली.

काम तसं साधं. लेख आला की वहीत क्रमांक, विषय, तारीख आणि लेखकाचं नाव. मग लेखावरून नाव काढून टाकायचं आणि तो त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे तपासायला पाठवायचा. लेख कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये आणि कुणी तपासला हे लेखकाला. म्हणजे ओळखीपाळखीला वाव नाही आणि जुनी उणीदुणी काढायलाही नाही. दोन्ही बाजू ठाऊक असलेलं माणूस एकच, बाई. आणि नेमकं तेच बाईंना खुपायचं. म्हणून त्यांनी नावाच्या रकान्याएवढी पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि चिमट्यानं वहीला लावून टाकली. नाव एकदा लिहिलं की पट्टीखाली गेलं. त्यापुढे त्यांच्यासाठीही लेख म्हणजे फक्त क्रमांक. कुणी हसलं तर म्हणत, "लेख तपासायचाय, जावई शोधायचा नाहीये." झाकणबाई हे नाव पडलं ते तिथून.

नव्वदीला टेकलेल्या सासूबाई मधूनमधून विचारत, "अगं, तू नेमकं करतेस काय तिथे?"

"लोक लेख लिहितात, आई. दुसरे लोक तपासतात. मी मधे बसते."

"मधे बसून काय?"

"कुणाचं तोंड कुणाला दिसू देत नाही."

"म्हणजे माझ्यासारखंच की," सासूबाई म्हणत. "तुझ्या नवऱ्याचं आणि दिराचं मी दुसरं काय केलं तीस वर्षं?"

बाईंकडून कुणाला काही काढता आलं नाही, ही त्यांची खरी ऐट. एकदा एक भारी प्राध्यापक समोर येऊन बसले. लेख परत गेल्यानं धुमसत होते. "बाई, खोडा कुणी घातला तेवढं फक्त सांगा." बाई म्हणाल्या, "सर, पंखा लावू का? उकडतंय." त्यांनी पुन्हा विचारलं, बाईंनी पंखा लावला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पंखा वाढवला. कागद उडायला लागले तसे प्राध्यापक उठले.

तर अशा या बाईंच्या हातून एक चूक झाली. आणि झाली तीसुद्धा त्या पट्टीपायी.

एक्केचाळीस नंबरचा लेख गांडुळांवर होता. फळबागांत कुठल्या मातीत किती गांडुळं सापडतात, त्याची मोजदाद. एक जाणकार नेहमीचे होते, दुसरा काही मिळेना. गांडुळांवर अधिकारानं बोलणारी माणसं अशी असून असणार किती? बाईंनी नव्या जाणकारांची यादी काढली. मागच्याच महिन्यात सोळा जणांनी आपणहून नावं नोंदवली होती, त्यांत एका लहानशा कॉलेजातले एक तरुण व्याख्याते होते. विषय, गांडुळं. बाई खूश झाल्या. सोमवारी त्यांना लेख गेला, सोबत नेहमीचा फॉर्म: लेखाची भाषा कशी, पद्धत कशी, निष्कर्ष कसे, छापावा का, आणि सगळ्यांत कच्चा भाग कोणता.

गुरुवारी दुपारी महिन्याची यादी करायची म्हणून बाईंनी चिमटा काढला, पट्टी बाजूला केली आणि नाव वाचलं. मग जाणकारांची यादी वाचली. मग पुन्हा नाव वाचलं.

लेख ज्यानं लिहिला होता, त्याच्याकडेच तो तपासायला गेला होता.

तीन दिवस झाले होते आणि त्या माणसानं एका ओळीनंही कळवलं नव्हतं. त्यांनी लेखासोबत आलेलं पत्र काढलं. "हे वर्ष संपायच्या आत लेख छापून आला, तरच मला नोकरीत कायम करणार आहेत. शक्य झाल्यास लवकर निर्णय कळवावा, ही विनंती." बाईंनी पत्र खाली ठेवलं. म्हणजे ज्याची नोकरी या लेखावर लटकलेली, त्याच्याच हातात आपण तो छापावा की नाही हे ठरवायचा फॉर्म दिला. ताट वाढून समोर ठेवलं आणि वर खाऊ नको म्हणून सांगायलाही विसरलो.

त्या तडक संपादकांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. संपादक आधी खो खो हसले. मग चष्मा पुसला. मग त्यांना एक कल्पना सुचली, आणि संपादकांना कल्पना सुचली की बाईंना धडकीच भरायची.

"असं करू. काही बोलायचंच नाही. आठवडाभर थांबू. माणूस कसा आहे ते आपोआप कळेल."

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"दाराला कडी लावायला मी विसरले. आता त्याच दाराआड लपून कोण आत शिरतं ते बघत बसायचं? हे मला जमायचं नाही." बाईंचा आवाज चढला होता, तेवीस वर्षांत कधी चढला नव्हता तेवढा. "खरं वागायची जबाबदारी त्यांच्यावर आहेच. पण आधी आपल्यावर आहे."

संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं," ते म्हणाले. "करा फोन. पण चूक नोंदीत गेली पाहिजे. तुमच्या नावानं."

"मग काय शेजारच्यांच्या नावानं घालणार आहे मी?"

बाहेर येऊन त्यांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. काय झालं, कुणाच्या हातून झालं, आणि यापुढे लेख पाठवण्याआधी दोन्ही नावं दुसऱ्या कुणीतरी ताडून बघायची. तेवीस वर्षांतला हा पहिला डाग. अक्षर वाकडं आलं. वाईट वाटलं, अगदी खूप वाटलं. मग नाक पुसून त्यांनी कॉलेजला फोन लावला.

व्याख्याते वर्गातून धावत आले असावेत, धापा टाकत होते. बाईंनी आडवळण घेतलं नाही. "सर, मी त्रैमासिकाच्या कार्यालयातून बोलतेय. सोमवारी तुम्हाला जो लेख तपासायला पाठवला, तो तुमचाच आहे. चूक माझी. तो फॉर्म भरू नका. लेख दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवते."

पलीकडे मुलांचा गलका चालला होता.

"बाई, फॉर्म जवळजवळ भरून झालाय."

"पाठवलात?" बाईंनी विचारलं.

"नाही. सोमवारीच भरला. भाषा उत्तम, पद्धत उत्तम, सगळं उत्तम. शेवटी प्रश्न होता, लेखातला सगळ्यांत कच्चा भाग कोणता. तिथं अडलो. कच्चा भाग मला माहीत आहे ना. बाकीच्या बागांत मी तीन-तीनदा मोजणी केली, तिसऱ्या बागेत एकदाच. गुडघा दुखावला होता, बसवत नव्हतं. लेखात ते लिहिलेलं नाही. रोज संध्याकाळी फॉर्म उघडतो आणि बंद करतो. आज मात्र पाठवणारच होतो. मला कायम व्हायचंय, बाई."

एवढा मोठा माणूस, पण आवाज पार लहान झाला होता. बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आली ती कणव.

"हे तुम्ही संपादकांना सांगणार?"

"माझी चूक मी सांगितली, लिहूनही ठेवली," बाई म्हणाल्या. "तुमची अजून झालेलीच नाही. होऊ नये म्हणून तर फोन केला."

"आणि तिसरी बाग?"

"लेख परत घेता येतो. चार ओळींचं पत्र पाठवा, मोजणी पूर्ण करा, मग नव्यानं पाठवा."

"वर्ष संपायच्या आत होईल?"

"ते मी सांगू शकत नाही, सर. सांगितलं तर ती माझी दुसरी चूक होईल."

ते हसले. रडवेलं का होईना, पण हसले.

ऑफिस बंद व्हायच्या आत त्यांचं पत्र ईमेलनं आलं. तिसऱ्या बागेतली मोजणी अपुरी आहे, लेखात तसं नमूद केलेलं नाही, लेख परत घेतो, पुरी मोजणी करून पुन्हा पाठवीन. बाईंनी त्याची प्रिंट काढून संपादकांपुढे ठेवली. संपादकांनी दोनदा वाचलं.

"बघा," ते खूश होऊन म्हणाले, "थांबायची गरजच नव्हती. माणूस मुळातच सच्चा निघाला."

थांबलो असतो तर निघाला नसता, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो सर, सच्चा आहे," त्या म्हणाल्या आणि एक्केचाळीस नंबर तपासायची गरज नाही, हे नेहमीच्या जाणकारांना कळवायला आपल्या खोलीत गेल्या.