करुणाखात्याचे साहेब

अंशुमन गुप्तेला मी तो दीड वर्षाचा असल्यापासून ओळखते. त्याच्याबद्दल काही चांगलं सांगायचं झालं तर एवढंच, की लहानपणी तो फारसा रडत नसे. रडायची वेळ त्याच्यावर कुणी येऊच दिली नाही.

त्याचे वडील डॉक्टर मोहन गुप्ते भूलतज्ज्ञ. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या, विलायतेतल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल दिली, आणि त्या चौतीस वर्षांत स्वतःबद्दल चार वाक्यं बोलले असतील तर शपथ. आई आशा. स्टॅनमोरच्या त्यांच्या घरी कुणीही गेलं की चहाआधी अंशूची सर्टिफिकिटं बघायला मिळत. "आमच्या अंशूला ना, माणसांची फार आवड," असं ती म्हणायची. माणसांनी आपल्याकडे बघत राहावं याची त्याला आवड होती, हे खरं.

कायद्याचा अभ्यास त्यानं दोन वर्षांत सोडला. मग एका कंपनीत लागला. तिथे लोकांना नोकरीवरून काढताना हळू आवाजात बोलायचं, हे त्याचं काम. ते त्याला छान जमलं. पस्तिशीत तो वेल्समध्ये कुठेतरी पाच दिवसांच्या मौनशिबिराला गेला आणि परत आल्यापासून जो बोलत सुटला तो अजून थांबलेला नाही. डोळे मिटून बोलायचं, दर वाक्यानंतर थांबायचं, समोरच्याच्या दंडावर हात ठेवायचा. पुढे एक एम.ए. केलं आणि चाळिशी ओलांडल्यावर वॉटफर्डच्या बाहेर माजी सैनिकांचं एक हॉस्पिटल आहे, तिथे स्पिरिच्युअल केअर टीमचा प्रमुख झाला.

मी त्या टीममध्ये त्याच्या आधीपासून होते. माझं नाव वैजयंती. फिजिओथेरपीतून निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस मी हे काम घेतलं. काम साधं आहे. आजारी, एकट्या, मरणाला टेकलेल्या माणसाजवळ बसायचं. त्याला देव हवा असेल तर देवाचं बोलायचं, नको असेल तर फुटबॉलचं. टीममध्ये मॅरियन नावाची एक पाद्रीणबाई होती, दोन दिवस येणारे एक इमाम होते, आणि हिंदूंसाठी मी. हिंदू पेशंट वर्षाला दोन यायचे. त्यामुळे ज्या म्हाताऱ्यांना कोणीच नको असायचं, ते माझ्या वाट्याला यायचे.

अंशुमन आल्या आल्या तीन गोष्टी झाल्या. आमच्या खोलीच्या दारावरची जुनी पाटी जाऊन 'करुणा केंद्र' अशा अर्थाची इंग्रजी पाटी लागली. त्याच्यासाठी एक उंच पाठीची खुर्ची आली. आणि प्रत्येक भेटीनंतर भरायचा एक फॉर्म आला. आध्यात्मिक वेदनेचा प्रकार कोणता: अपराधीपणा, भीती, शोक, की इतर? एक रकाना निवडायचा आणि खाली हकिकत लिहायची. वॉर्डमध्ये तो स्वतः महिन्यातून एकदा यायचा, फोटोग्राफर असेल तेव्हा.

माझ्याशी तो मराठीत बोलायचा, म्हणजे त्याला मराठी वाटायचं त्या भाषेत. "मावशी, तुझी फॉर्म रिकामा का असते? डेटा पाहिजे ना मला." चुकांचं मला काही नव्हतं, इथे वाढलेली सगळीच मुलं तसं बोलतात. पण त्याला माणसांच्या दुःखाचा डेटा पाहिजे होता, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर इतकी कणव असायची की ओकारी यावी.

आता लेनबद्दल सांगते. लेन ब्रॅडवेल, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, फुफ्फुसं गेलेली. विसाव्या वर्षी तो एडनमध्ये सैन्यात होता, १९६७ साली. दर गुरुवारी मी त्याच्याजवळ बसायची. सहा महिने आम्ही बटाटे, कबुतरं आणि त्याची घटस्फोटित बायको यांवर बोललो. महिन्यातून एकदा मॉरीन नावाची सत्तरीची बाई हेमेल हेम्पस्टेडहून दोन बस बदलून त्याला भेटायला यायची. तिचा थोरला भाऊ टेरी लेनच्या तुकडीत होता. पाण्याचा टँकर सुरुंगावर गेला त्यात तो मेला. तिच्या लेखी लेन म्हणजे टेरीला शेवटचं पाहिलेला माणूस. ती त्याच्या उशा नीट करायची, मोजे घरी नेऊन धुवून आणायची.

मे महिन्यात एका दुपारी लेन म्हणाला, "मी टँकरमध्ये नव्हतो."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"त्या दिवशी माझी पाळी होती. मला भीती वाटत होती. मी साबणाचा तुकडा खाल्ला, ओकलो, डॉक्टरनं आजारी म्हणून लिहिलं. माझ्या जागी टेरी गेला. नंतर मी त्याच्या आईला सांगितलं, मी त्याच्या शेजारी होतो, त्याला काही कळलंसुद्धा नाही, तुमचं नाव घेत गेला. मग ती बाई मरेपर्यंत दर ख्रिसमसला मला केक पाठवायची. निळ्या पत्र्याच्या डब्यातून. मी तो खायचो."

त्यानं नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाला, "मॉरीनला कळता कामा नये."

"नाही कळणार," मी म्हणाले.

आणि संध्याकाळी मी फॉर्म भरला. अपराधीपणाचा रकाना निवडला आणि खाली सगळं लिहिलं, साबण, टँकर, निळा डबा, सगळं. का लिहिलं? नियम होता म्हणून, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे अठ्ठावन्न वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यानं मला सांगितली, याचा मला गर्व झाला होता. अंशुमनची मी जेवढी टर उडवते तेवढीच माझीही उडवायला हवी, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

जूनच्या शेवटी हॉस्पिटलच्या हिरवळीवर मोठ्या तंबूत देणगीदारांचं जेवण होतं. रेजिमेंटच्या संघटनेची माणसं होती, त्यांत मॉरीनही होती, निळी हॅट घालून. पहिल्या रांगेत आशा आणि मोहनराव. अंशुमन उठला, त्यानं डोळे मिटले, तंबू शांत होईपर्यंत थांबला.

"गेल्या महिन्यात," तो म्हणाला, "एका वृद्ध सैनिकानं माझा हात धरला."

मला वाटलं, असेल कोणीतरी. मग साबण आला.

त्यानं टेरीचा बिली केला होता. एडनचं 'मध्यपूर्वेत कुठेतरी' केलं होतं. बाकी सगळं माझंच होतं, माझे शब्दसुद्धा. केकवर तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. निळा डबा म्हणताना त्याचा आवाज कापला. टेबलांशी बसलेल्या बायका नॅपकिननं डोळे टिपायला लागल्या. आशा तर हुंदके देत होती. मॉरीननं काटा खाली ठेवला. तिचा चेहरा मी पाहिला, आणि पुढच्या क्षणी टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले, असं म्हणायला हरकत नाही, पण वाजले.

मॉरीन टाळ्या चालू असतानाच उठली आणि हिरवळ ओलांडून थेट वॉर्डमध्ये गेली. मी मागे धावले. ती लेनच्या पलंगाशी उभी होती, हॅट तशीच डोक्यावर.

"तू गाडीत होतास का?" तिनं विचारलं.

लेननं आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, "नाही."

तिनं पर्स उचलली आणि गेली. लेननं भिंतीकडे तोंड केलं. पुढे महिनाभर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अंशुमनच्या खोलीत गेले. तो कालच्या भाषणाला आलेले मेसेज वाचत होता.

"ती टेरीची बहीण होती," मी म्हणाले. "तुझ्यासमोर बसली होती."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पहिलं काय विचारावं? "ती कम्प्लेंट करणार का?"

"तू लेनकडे जा आणि माफी माग."

"मावशी, मी नाव चेंज केला होता. आणि स्टोरी एका माणसापेक्षा मोठा असते. कितीतरी लोक हील झाले काल." त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. "तू खूप गिल्ट कॅरी करतेस. आपण एक रिफ्लेक्टिव्ह सेशन करूया."

मी तो हात झटकला. तेवढीच माझी मर्दुमकी. लेनला त्यानं एक कार्ड पाठवलं. त्यावर सूर्यास्ताचं चित्र होतं आणि खाली छापील सही.

घरी येऊन मी मोहनरावांना फोन केला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी थेट फोन केला नव्हता, सगळं आशामार्फत चालायचं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे तो माणूस त्याच्याशी बोललाच नव्हता?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नाही. माझ्याशी बोलला होता."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी ते हॉस्पिटलमध्ये आले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, कोट-टाय घालून, स्टॅनमोरहून स्वतः गाडी चालवत. करुणा केंद्रात मीटिंग चालू होती. त्यांनी दार उघडलं आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, "ऊठ. चल."

"बाबा, आय ॲम इन अ..."

"ऊठ म्हणतो ना!"

चव्वेचाळीस वर्षांचा विभागप्रमुख उठला आणि बापाच्या मागून वॉर्डमध्ये गेला. मी त्यांच्या मागे. मोहनराव पलंगाशी थांबले, लेनला म्हणाले, "मी याचा बाप. याला तुम्हाला काही सांगायचंय." आणि दोन पावलं मागे सरले.

अंशुमननं खुर्ची ओढली, बसला, डोळे मिटले. त्याही वेळी त्यानं डोळे मिटले! "लेन," तो म्हणाला, "तुमच्या वेदनेचा प्रवास मला ऐकू येतोय."

लेननं तोंडावरचा मास्क काढला. "तुझं नाव काय?"

"अंशुमन."

"आपण आधी कधी भेटलोय?"

अंशुमननं डोळे उघडले.

"मॅरियन सांगत होती, तू म्हणालास, मी तुझा हात धरला. तू तिथे नव्हतास. मीही नव्हतो, टेरीच्या जवळ. तू सांगितलंस तसंच मीही सांगत फिरलो. आपण दोघं एकाच जातीचे." त्याला धाप लागली. मी मास्क द्यायला पुढे झाले, त्यानं हातानं थांबवलं. "फरक एवढाच, मला अठ्ठावन्न वर्षं लाज वाटतेय. तुझं काय?"

अंशुमन उठला. मान हलवली, हात जोडले, बाहेर आला. कॉरिडॉरमध्ये, लिफ्टची वाट बघताना, तो वडिलांना म्हणाला, "आय थिंक छान झाला. ही वॉज रिअली ओपनिंग अप."

मोहनरावांनी लिफ्टचं बटण परत दाबलं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ते आत बसले, पट्टा लावला आणि वीस मिनिटं गाडी सुरू केली नाही. मी बाहेर उभी होते. काचेवर टकटक करायचा मला धीर झाला नाही.

मी रीतसर तक्रार केली. माझ्याच फॉर्मची प्रत जोडली, म्हणजे माझाही दोष कागदावर आला. चौकशी झाली, तीन आठवडे. निष्कर्ष असा, की सर्वांना यातून शिकण्याची संधी मिळाली. सर्वांना एक ऑनलाइन कोर्स करायला सांगितला. मी केला. त्यात गोपनीयतेवर दहा प्रश्न होते. अंशुमनला दहापैकी दहा मिळाले, हे त्यानं स्वतः सांगितलं.

मॉरीन जुलैच्या शेवटी एकदा आली. न सांगता, दुपारी. मी बाहेर पडायला लागले तर म्हणाली, "थांबा, तुम्हीही ऐका." मग लेनकडे वळली. "आईला ते खोटं पुरलं. तिनं शेवटपर्यंत तुझं चांगलं चिंतलं. मला नाही पुरत. मी तुला माफ करायला आलेली नाही."

"बरोबर आहे," लेन म्हणाला.

"तुझी नखं किती वाढलीत," ती म्हणाली. पर्समधून नेलकटर काढलं, पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या दोन्ही हातांची नखं कापली. कापताना एकदाही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कापलेली नखं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि गेली. त्यानंतर लेन माझ्याशी परत बोलायला लागला, कबुतरांबद्दल. ऑगस्टच्या मध्यावर तो गेला. अंत्यविधीला मी, मॅरियन, लष्करी टोप्या घातलेले दोन म्हातारे, आणि शेवटच्या बाकावर मॉरीन. करुणा केंद्राकडून लोगो छापलेलं पुष्पचक्र आलं होतं.

त्याच आठवड्यात अंशुमनला बढती मिळाली. आता तो देशभरच्या हॉस्पिटलांना स्पिरिच्युअल केअर कशी करावी याचा सल्ला देतो. एका पेशंटच्या हातावर त्याचा हात, असा फोटो त्यानं इंटरनेटवर टाकला. तो हात कोणाचा, हे आम्हा कोणालाच ओळखता आलं नाही. त्याच्या जागी नवा माणूस मिळेपर्यंत टीम मी चालवतेय. पहिल्याच दिवशी फॉर्मवरचा हकिकतीचा भाग मी काढून टाकला. वर विचारणा झाली, डेटा कुठे आहे? मी कळवलं, पेशंटकडे आहे.

सप्टेंबरात आशाचा फोन आला. वेम्बलीत गणपतीला अंशूचा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ देणार आहेत, तुम्ही त्याच्या टीममधल्या म्हणून दोन शब्द बोला.

"मी येत नाही, आशा."

"अहो, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता!"

"म्हणूनच."

ती बरंच काही बोलली. शेवटी तुम्हाला पहिल्यापासून त्याचा मत्सर आहे, असं म्हणून तिनं फोन आपटला. सत्काराच्या दिवशी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात मोहनराव उभे होते, झब्बा घातलेला, म्हणजे घरून सत्काराला म्हणूनच निघाले असणार.

"पोहे आहेत का?" त्यांनी विचारलं.

नव्हते, मी केले. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आणि मी कांदा चिरत असताना गुडघेदुखीबद्दल विचारत राहिले, जिना चढताना आधी कोणता पाय टाकायचा वगैरे. मी त्यांना दाखवलं. दोन वेळा त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "लिंबू असेल तर द्या."