केस्ट्रल नापास होत नसते

एडविन रटरची केस्ट्रल मोटारसायकल वार्षिक सरकारी तपासणीत आजवर कधी नापास झाली नव्हती, आणि हे तो रॉथबरी गावात ज्याला त्याला ऐकवायचा. समोरच्याला मोटारसायकलीतलं काही कळो न कळो. दहा केस्ट्रल तपासणीला गेल्या तर नऊ पहिल्या फटक्यात पास होतात, असं तो म्हणायचा. दहावी राहते ती मालकाच्या नालायकपणामुळे, ही त्यावर त्याची भर.

उभी हयात त्याने दगडाच्या खाणीत सुरुंग लावण्यात घालवली. निवृत्त झाला त्याच आठवड्यात ही गाडी दारात आणली. बायको, जीन, गेल्यापासून तर रोजचा दिवस त्या गाडीवरच निघायचा: माळ ओलांडून समुद्रापर्यंत, तिथे बाकावर बसून बेकन घातलेला पाव, आणि परत. गाडी नसती तर उरलं काय? खिडकीजवळची खुर्ची आणि टीव्ही. टीव्हीचाही त्याला वीट आला होता, कारण हल्लीचे सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. माळावरचे पक्षीसुद्धा कमी झालेत, पूर्वीसारखी किलबिल राहिली नाही, अशीही त्याची तक्रार असे.

नाताळच्या जेवणाला मुलीने, हेदरने, विषय काढला. वय झालं, आता गाडी पुरे, एवढंच ती म्हणाली. झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत तो बोलून बसला, की ज्या दिवशी केस्ट्रल तपासणीत नापास होईल त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन, तोवर तोंड उघडायचं नाही. पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. तिने तो शब्द पकडून ठेवला आणि वसंतात तपासणीची तारीख आली तेव्हा मी सोबत येणार म्हणून कळवून टाकलं. मागच्या सीटवर बसूनच येते म्हणाली.

त्या दिवशी सकाळी एडविनने शेडमध्ये सगळं एकदा बघून घेतलं. दिवे, ब्रेक, चेन, टायर. सगळं खणखणीत. शेवटी हॉर्नचं बटण दाबलं.

आता त्या मुलखात हॉर्न कोण वाजवतो? तिथे हॉर्न देणं म्हणजे भर रस्त्यात शिवी हासडणं. मेंढ्या आडव्या आल्या तरी माणूस इंजिन बंद करून गप उभा राहतो. त्यामुळे एडविनचा अंगठा त्या बटणावर जायचा तो वर्षातून एकदाच, तपासणीच्या सकाळी. गेल्या वर्षी हॉर्न जरा मरतुकडा वाटला होता. यंदा बटण दाबलं तर आवाजच नाही.

पुन्हा दाबलं. दाबून धरलं. काही नाही. हॉर्न बाहेर काढून तारा घासल्या, बसवल्या, परत दाबलं. ढिम्म. एवढ्यात समोरच्या घरातल्या मिसेस टेलफरने झोपेच्या कपड्यांतच खिडकी उघडली आणि डोळे वटारून काहीतरी म्हणाली. गल्लीत पुन्हा ऑइल सांडलं असेल, दुसरं काय, बाईचं नेहमीचंच आहे, असं समजून एडविनने तिला हात केला. तिने खिडकी धाडकन लावून घेतली.

नवा हॉर्न आणायला दुकानं उघडायची होती. दिलेली वेळ टाळावी, तर तपासणीच्या जुन्या दाखल्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. आणि वेळ टाळली हे हेदरला काय सांगायचं? अकलेचे तारे तोडले नाताळात, आता भोगा, असं स्वतःलाच म्हणत त्याने हात पुसले. हेदरला तिच्या नवऱ्याने दारात सोडलं तेव्हा ती हेल्मेट घालूनच उतरली. हॉर्नबद्दल एडविन तिला एक अक्षर बोलला नाही.

वाटभर त्याला ते बटणच दिसत होतं. एवढी वर्षं निभावली आणि आता नापास व्हायचं ते एका फालतू हॉर्नपायी! पुलाअलीकडच्या वळणावर हेदरने एकदम त्याचं जाकीट गच्च धरलं. वळणाला घाबरली वाटतं पोरगी, म्हणून त्याने वेग कमी केला. बाजूने एक पांढरी व्हॅन भर्रकन पुढे निघून गेली. काय घाई असते लोकांना.

गॅरेजात तपासणी करायचा कॉलिन. आपल्या माणसाचीही भीडमुर्वत न ठेवणारा. त्याने गाडी आत घेतली आणि बापलेक काचेआडच्या बाकावर बसले. हेदरने मगमधून चहा घेतला. एडविनने आपला तसाच बाजूला ठेवला. कॉलिनने टायर पाहिले, पुढचं चाक उचलून हँडल हलवून पाहिलं, ब्रेक पाहिले, दिव्यांचा झोत पाहिला. प्रत्येक गोष्ट नीट निघत होती, आणि आता एकच उरलं होतं.

कॉलिनचा अंगठा बटणावर गेला. एडविन कान देऊन बसला. काही नाही. संपलं. त्याने मान खाली घातली, आणि त्याला हेदरचा हात दिसला. चहा हिंदकळून तिच्या मनगटावर सांडला होता.

"काय झालं गं?"

"अरे, केवढ्याने वाजला तो हॉर्न. दचकले ना मी."

एडविन तिच्याकडे बघतच राहिला. मग आत बघितलं. कॉलिन शांतपणे पुढचं काम करत होता. मिसेस टेलफरची खिडकी त्याला आठवली. माळावरचे पक्षी आठवले. हॉर्न मेला असता तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं.

त्याने हेदरला विचारलं, "मघाशी वळणावर मला एवढं घट्ट का धरलंस?"

हेदरने चहाचा मग खाली ठेवला. "मागे व्हॅन होती, डॅड. दोनदा हॉर्न दिला त्याने. आणि तू रस्त्याच्या मधोमध."

"तेव्हाच का बोलली नाहीस?"

"बोलले ना. ओरडून बोलले."

तेवढ्यात दार उघडून कॉलिन आला आणि दाखला एडविनच्या हातात ठेवला. गाडीत नाव ठेवायला जागा नाही, असं म्हणाला. ते मात्र एडविनला नीट कळलं, कारण कॉलिन त्याच्या अगदी तोंडासमोर उभा होता. नाताळातली पैज त्याने जिंकली होती. आणखी एक वर्ष. हेदरने ठरल्याप्रमाणे तोंड मिटून घेतलं आणि आपलं हेल्मेट उचललं.

बाहेर गाडीजवळ येऊन त्याने किल्ली हेदरपुढे धरली. हेदर मोटारसायकल शिकली होती ती बापाकडेच, लग्नाआधी. केस्ट्रलच्या विम्यात तिचंही नाव होतं, पण त्याने तिला गाडीला कधी हात लावू दिला असेल तर शपथ.

"घे," तो म्हणाला.

"पण पास झालीय ती."

"ती झाली. आता माझी तपासणी करून आण. कानांची. मी काही पहिल्या फटक्यात पास व्हायचा नाही."

हेदर पुढे बसली. ज्या मागच्या सीटवर त्याने एवढी वर्षं जीनला बसवलं होतं, तिच्यावर एडविन चढून बसला. पुलाजवळचं वळण आलं तेव्हा त्याने मान वळवून मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. तरी त्याने पोरीचं जाकीट गच्च धरून ठेवलं.